शेवटच्या पेटीचं झाकण

उजवा हात डाव्या काखेत घालून चाचा कोल्ड स्टोअरच्या दारात उभे राहायचे. डोक्याला माकडटोपी, अंगात दोन स्वेटर, पायात गमबूट. बाहेर पिंपळगावचं ऊन डांबर मऊ करत असायचं आणि हे गृहस्थ कुलू-मनालीला निघाल्यासारखे. मिनिटभर कुणाशी बोलायचे नाहीत. मग काखेतला हात काढायचा, उलटा करायचा आणि पेटीतल्या द्राक्षांवर टेकवून डोळे मिटायचे. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई हात लावते ना, अगदी तसा. मग निकाल यायचा.

"ताप हाय अजून."

किंवा, "उतरला. घ्या."

तिसरं वाक्य नाही.

तुम्ही कधी द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, नसाल तर सांगतो. वेलीवरून तोडलेल्या घडात शेतातली ऊब असते. दिंडोरीच्या, निफाडच्या बागेतून माल येतो, बायका तो निवडतात, पेट्यांत भरतात आणि मग त्या पेट्या गार खोलीत सात-आठ तास ठेवाव्या लागतात. मण्याच्या आतपर्यंत गारवा पोचला की मगच कंटेनरमध्ये भरायचं. मग माल न्हावा-शेव्याच्या बंदरातून बोटीने तीन-चार आठवडे प्रवास करून हॉलंडला उतरतो. ऊब आत राहिली तर वाटेत बुरशी धरते. कंटेनरमध्येही थंडी असते, मग तिथे नाही का गार होणार, असं मी नवीन असताना चाचांना विचारलं होतं.

"साहेब, कंटेनर ताप उतरवत नाय. दिला तेवढा सांभाळतो," ते म्हणाले होते.

मी तिथे कागदपत्रं बघतो. परदेशी ग्राहकांची पत्रं, मेल, प्रमाणपत्रं, लोडिंगचे तक्ते. मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, इंग्रजी वाचायचा कंटाळा करतात, म्हणून आलेला प्रत्येक मेल मी त्यांना मराठीत सांगतो. हे मुद्दाम लिहितोय, पुढे लागणार आहे.

तपमान मोजायला आमच्याकडे यंत्र होतं. एक लांब सुई, ती मण्यात खुपसायची आणि आकडा वाचायचा. चाचांना ते यंत्र म्हणजे घरात आलेला नको तो पाहुणा. "याला सेल लागतात. माझ्या हाताला लागतात का?" असं म्हणून ते हात नाचवायचे. पण यंत्राशी त्यांचा कधी अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक पडला नाही. पडला त्या दिवशी यंत्राचे सेल गेले होते.

हात काखेत का घालायचा, हेही मी विचारलं होतं. मला सगळंच विचारायची खोड. ते म्हणाले, "सुन्न हाताला काय कळणार? आधी हात जागा करायचा. मग विचारायचं."

एका जानेवारीत मला कणकण होती आणि मी तसाच कामावर आलो होतो. चाचा तक्ता घ्यायला टेबलाशी आले, माझ्याकडे पाहिलं आणि हात उलटा करून सरळ माझ्या कपाळावर ठेवला. खोलीत पाच-सात माणसं होती. "हा माल परत," त्यांनी जाहीर केलं, "घरी पाठवा. असला इकडे चालत नाय." सगळे हसले. मी घरी गेलो तेव्हा खरंच एकशे दोनच्या वर ताप होता. पुढे वर्षभर लोक मला परत आलेला माल म्हणत होते.

हॉलंडचा जो व्यापारी आमचा माल घ्यायचा, तो दर जानेवारीत येऊन पॅकहाउस बघून जायचा. साडेसहा फुटांचा, लालसर चेहऱ्याचा माणूस. दारातून वाकून यायचा आणि तरी एकदा तरी डोकं आपटून घ्यायचा. पहिल्या वर्षी तो स्वतःचं यंत्र घेऊन कोल्ड स्टोअरमध्ये शिरला. चाचा शेजारी उभे. तो सुई खुपसणार तेवढ्यात चाचांनी त्याला हाताने थांबवलं, आपला हात काखेतून काढला, मण्यांवर ठेवला आणि मला म्हणाले, "सांगा त्याला, दीड." मी सांगितलं. त्याने सुई खुपसली. एक पॉइंट सहा. तो हसला आणि दुसरी पेटी दाखवली. चाचा म्हणाले, "दोनला टेकला." एक पॉइंट नऊ. मग तिसरी, चौथी. अर्धा तास दोघांचा खेळ चालला होता आणि मी मधे कुडकुडत आकड्यांचं भाषांतर करत होतो. शेवटी त्या माणसाने आपला हात काखेत घातला, मिनिटभर थांबला आणि पेटीवर टेकवला. काहीतरी आकडा बोलला. साफ चुकला. चाचांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, म्हणजे हात पोचला तिथवर, कमरेच्या जरा वर.

त्यांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तो आला की आधी भाऊंशी हात मिळवायचा, मग माझ्याशी, आणि मग सरळ मागे जायचा. दुसऱ्या वर्षी त्याने चाचांसाठी लोकरीचे हातमोजे आणले. चाचांनी डावा घातला. उजवा तसाच पाकिटात ठेवून दिला. "याला झाकलं तर कामाला काय लावू?" ते म्हणाले. पुढची सगळी वर्षं ते एकाच हातात मोजा घालून हिंडले. बघणाऱ्याला वाटायचं, दुसरा हरवला.

आणि आता चाचांच्या खुणेचं सांगतो. कंटेनर भरत आला की दाराजवळची शेवटची पेटी चाचा कुणाला ठेवू द्यायचे नाहीत. ती ते स्वतः उचलायचे. झाकण काढायचे, हात लावायचे, कानामागची पेन्सिल काढून झाकणाच्या आतल्या बाजूला एक बरोबरची खूण करायचे आणि मग पेटी जागेवर बसवायचे. बाकी हजारो पेट्यांवर बारकोड, शिक्के, दोन-दोन भाषांतले मजकूर. या एका पेटीत फक्त पेन्सिलची रेघ. तिकडे रॉटरडॅमला दार उघडलं की हा उंच माणूस पहिली तीच पेटी काढायचा आणि झाकण उलटं करून बघायचा. त्याने मला एकदा त्याचा फोटो पाठवला होता. मी तो चाचांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, म्हणाले, "पोचली म्हणायची." आणि कामाला लागले. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, कारण न सांगता.

मागच्या हंगामात आपलं राज्य आणि हॉलंड यांच्यातला शेतमालाचा व्यापार वाढवायचा म्हणून तिकडचं एक शिष्टमंडळ यायचं ठरलं. मंत्री येणार, दोन्हीकडचे अधिकारी येणार. त्यांच्या हस्ते एका कंटेनरला हिरवा झेंडा दाखवायचा, आणि तो कंटेनर आमच्या पॅकहाउसमधून निघणार. भाऊंचे पाय जमिनीवर नव्हते. मांडव पडला, दोन्ही देशांचे झेंडे लागले, मधे मोठ्या फलकावर द्राक्षाचा घड आणि हस्तांदोलन करणारे दोन हात. कार्यक्रमाची सगळी आखणी माझ्याकडे होती. खरं सांगायचं तर माझेही पाय जमिनीवर नव्हते.

कार्यक्रम दुपारी चारचा होता. आदल्या संध्याकाळी निरोप आला की मंत्र्यांना दुसरीकडे जायचंय, सकाळी अकराला उरका. मी कुणालाही न विचारता "हो, जमेल" म्हणालो. आणि माल? बागेतून गाड्या उशिरा आल्या होत्या. पेट्या गार खोलीत जायलाच पहाट झाली. त्या गार व्हायला दुपारचा एक तरी हवा होता, आणि भरायला घ्यायच्या होत्या आठला.

आठ वाजता मी मागे गेलो. चाचांनी हात टेकवला होता.

"ताप हाय."

"किती?"

"सात. लय हाय, साहेब."

मी सुई खुपसली. सात पॉइंट दोन.

"रिकाम्या कंटेनरला दाखवा झेंडा," चाचा म्हणाले. "बायपासवरनं फिरून मागच्या गेटाने आणा. मी दुपारी भरून देतो. कोण बघतंय?"

"दार उघडून फोटो काढणारेत, चाचा. पाहुणे आत डोकावणार."

तेवढ्यात मांडवातून भाऊंचा फोन आला. "गार झालाय ना रे माल? घ्या भरायला."

मी म्हणालो, "झालाय, भाऊ."

भाऊंनी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. मी खरं सांगितलं असतं तर ते ओरडले असते, घाम पुसला असता आणि काहीतरी मार्ग काढला असता. तीस वर्षं ते हेच करत आलेत. पण वेळ मी कबूल केली होती. मला तोंडघशी पडायचं नव्हतं. एवढंच कारण, यापेक्षा मोठं काही नाही.

लोडिंगच्या तक्त्यावर तपमानाच्या रकान्यात मी दीड लिहिलं. खाली कोल्ड स्टोअरवाल्याची सही लागते. तक्ता चाचांपुढे धरला.

"किती लिहिलं?"

"दीड."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला कणकण होती त्या दिवशी बघितलं होतं, तसं.

"चाचा, कागदच आहे हो. कंटेनर आहेच की थंड."

"तुम्ही सांगता म्हणून," ते म्हणाले, आणि एकेक अक्षर काढत सही केली. मग कंटेनर भरत आला तेव्हा नेहमीसारखी शेवटची पेटी उचलून आत गेले. मी घड्याळ बघत होतो. आत त्यांनी काय केलं ते मी पाहिलं नाही.

अकराला झेंडा दाखवला गेला. भाषणं झाली. मैत्री हा शब्द इतक्यांदा आला की माईकवाल्यालाही पाठ झाला असेल. पाहुण्यांना फेटे बांधले. कंटेनर हायवेला लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. फोटोत मी कडेला आहे, अर्धा. चाचा नाहीत. ते पुढच्या पेट्यांना हात लावत होते.

चार आठवड्यांनी मेल आला. त्याला जोडलेले फोटो मी एकेक करून उघडले. तपकिरी देठ, पाणी सुटलेले मणी, त्यावर राखाडी बुरशी. अख्खा कंटेनर फेकावा लागला. पेट्यांमध्ये तपमान नोंदणारं जे छोटं यंत्र असतं, त्यात सगळं आलं होतं, माल सातला भरलाय. तुमच्या तक्त्यावर दीड कसं, असा सवाल होता. आणि शेवटी त्या उंच माणसाने दोन ओळी लिहिल्या होत्या: शेवटच्या पेटीच्या झाकणाला खूण नाही. त्या माणसाला विचारा, त्याने हा माल पास केला होता का?

झाकणाचाही फोटो होता. आतून कोरं.

भाऊंच्या केबिनमध्ये उभं राहून मी मेल मराठीत सांगितला. बुरशी सांगितली, देठ सांगितले, सात आणि दीड सांगितलं. शेवटच्या दोन ओळी सांगितल्या नाहीत. ठरवून नाही हो. तिथपर्यंत आलो आणि तोंड बंद झालं. भाऊंना वाटलं, मेल संपला.

"सही कुणाची?"

"चाचांची."

चाचांना बोलावलं. ते उभे राहिले, डाव्या हातात मोजा, उजवा काखेत. सवयीने असेल.

"चाचा, ही सही तुमची?"

"माझीच."

"सातला माल भरलात तुम्ही? झेंड्याचा कंटेनर होता, चाचा. मंत्री आले होते. मी त्या लोकांना काय तोंड दाखवू?"

"चूक झाली, भाऊ."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आता नाही सांगत. त्यांनी बघितलं नाही आणि मी बोललो नाही.

भाऊ वाईट नाहीत. त्यांचा आवाज फाटला होता. म्हणाले, "वय झालं आता, आराम करा." चाचांनी मान हलवली. मागे गेले, डाव्या हातातला मोजा काढला, कोल्ड स्टोअरच्या दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि गेले. एकवीस हंगामांनंतर जाणाऱ्या माणसाने काहीतरी बोलावं असं आपल्याला वाटतं. ते जाताना दार नीट लागलं की नाही एवढं बघून गेले.

त्यांचं घर पॅकहाउसपासून दहा मिनिटांवर, मशिदीच्या मागच्या गल्लीत. मी त्या वाटेने रोज यायचो. त्यानंतर हायवेकडून वळसा घालून यायला लागलो. पेट्रोल जास्त लागायचं, पण सवय झाली.

भर पावसाळ्यात, हंगाम नसताना, आम्ही चार-पाच जण डबा खात होतो. हमालांच्या मुकादमाने सांगितलं, "चाचा गेले सकाळी. छातीत दुखलं म्हणे." मी घास गिळला. मग पुढचा खाल्ला. डब्यात गवार होती, ती मी संपवली, डबा धुतला. मला काहीच वाटत नव्हतं. आत हात घालून बघितलं तरी काही सापडलं नसतं. दफनाला सगळे गेले, मी ऑफिसात थांबलो. कुणीतरी थांबायला हवं होतं असं म्हणालो. हवं नव्हतं.

आठ दिवसांनी गेलो. चाचींनी दार उघडलं. मला ओळखलं, खुर्ची दिली, डोक्यावरचा पदर सारखा करत समोर बसल्या.

"तुमचं नाव लय निघायचं," त्या म्हणाल्या. "साहेबांना थंडी सोसत नाय, म्हणायचे."

मी सांगायलाच आलो होतो. घरून निघताना वाक्यसुद्धा ठरवलं होतं.

"चाची, त्या कंटेनरचं..."

"ते नका काढू. त्यांना लय लागलं होतं. मला म्हणाले, चूक माझीच. हात आता पहिल्यासारखा राहिला नाय, काही कळत नाय म्हणाले. तेवढं एकदाच बोलले. मग रोज इथं बसून भिंतीला हात लावायचे, तांब्याला लावायचे. बघायचे."

चाचींनी आत जाऊन पाकीट आणलं. उजव्या हाताचा मोजा, घडी न मोडलेला.

"हा तसाच राहिला. तुम्हाला होईल थंडीत."

मी घेतला. ठरवलेलं वाक्य बोललो नाही. त्यांनी बोलूच दिलं नाही, असं इथे लिहायला सोपं होतं. पण त्या चहा ठेवायला आत गेल्या होत्या आणि पुन्हा बाहेर येऊन समोर बसल्या होत्या, आणि तेवढा वेळ मला पुरला असता.

या जानेवारीत तो उंच माणूस आला. दाराला डोकं आपटलं. भाऊंशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला आणि सरळ मागे गेला. मी त्याच्या मागे. खिळ्याला एक मोजा लटकत होता. कुणी काढला नव्हता, काढावा असं कुणाला सुचलंही नव्हतं. त्याने तो बघितला.

"तो माणूस कुठे आहे?"

मी सांगितलं. आणि मग, का ते माहीत नाही, उरलेलंही सांगितलं. तो आकडा माझा होता. चाचांनी ताप आहे म्हणून सांगितलं होतं.

त्या उंच माणसाने पुन्हा मोज्याकडे बघितलं. मग हळू म्हणाला, "मी तुम्हाला लिहिलं होतं."

"हो."

"तुम्ही विचारलं नाही?"

"नाही."

तो भाऊंकडे जाईल, आरडाओरडा करेल असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्या दिवशी कंटेनर भरत होता. शेवटची पेटी राहिली होती. त्याने ती स्वतः आणली, माझ्यापुढे ठेवली, झाकण काढलं आणि खिशातली पेन्सिल माझ्यापुढे धरली.

मी उजवा हात काखेत घातला. मिनिटभर थांबलो, मग आणखी मिनिटभर. हात काढला, उलटा केला, मण्यांवर ठेवला आणि डोळे मिटले. तो वाट बघत होता. हमाल थांबले होते. मला वाटलं आता कळेल, आता कळेल. मला गारवा कळेना, ऊब कळेना. आपण कशाला तरी हात लावलाय, तेही कळेना.

मी पेन्सिल घेतली नाही. त्याने ती खिशात ठेवली, झाकण लावलं आणि पेटी जागेवर बसवली. यंत्र दीड दाखवत होतं. मी तक्त्यावर दीड लिहिलं, या वेळी ते खरं होतं.

त्या कंटेनरनंतर आमच्याकडून बरेच गेले. माल चांगला पोचतो, तक्रार नाही, व्यापार वाढलाय. तिकडे दार उघडलं की तो अजूनही पहिली शेवटची पेटीच काढतो आणि झाकण उलटं करून बघतो म्हणे. ते आतून कोरं असतं.